चार बटणं आणि आमचा प्रभाग

प्रश्न : पुण्यात प्रभागात चार नगरसेवक, मग मत एकालाच द्यायचं की चौघांना? आणि चारही एकाच पक्षाचे हवेत का? घरी यावरून रोज भांडण. (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : अहो, अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येक जागेला एक बटण दाबायचं, पक्ष चार वेगळे चालतात, कोणीच नको तर नोटा दाबा पण चारही झाल्याशिवाय मशीन बीप देत नाही, तेवढं थांबा, घाईत निघू नका. बाकी २०१७ला निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ला संपली आणि मग प्रशासक बसला, तेव्हा ड्रेनेज तुंबलं तर सांगायचं कोणाला? आता चौघं आले तरी एकमेकांकडे बोट दाखवणार, म्हणून मला तर ही पद्धतच पटत नाही. मुंबईत बघा, एक वॉर्ड एक नगरसेवक!