मुसलमानांशी जाहीर वाद घालणारा मिशनरी कार्ल फांडर आग्र्यात खरोखर हरला होता का, आणि आज असे वाद घालावेत का?

हरला होता, असे मी ख्रिस्ती असूनही म्हणतो. आमच्या बेळगाव भागातल्या काही मंडळींना हे रुचत नाही, आणि त्यात माझा सख्खा मामेभाऊ पहिला आहे.

फांडर हा वुर्टेमबर्गचा जर्मन. बासेल येथे शिक्षण घेऊन तो काकेशसमधील शुशा येथे गेला, तिथे तुर्की आणि फारसी शिकला आणि इस्लामच्या खंडनासाठी १८२९ मध्ये त्याने ‘मीजान-उल-हक’ हा ग्रंथ लिहिला. १८३५ मध्ये रशियन सरकारने शुशाचे मिशन बंद केल्यावर तो हिंदुस्थानात आला. एप्रिल १८५४ मध्ये आग्र्यात मौलाना रहमतुल्ला कैरानवी यांच्याशी त्याचा दोन दिवस जाहीर वाद झाला. पाच विषय ठरले होते, पण वाद दुसऱ्याच विषयावर, म्हणजे बायबलच्या पाठात फेरफार झाले आहेत की नाहीत यावर, येऊन थांबला. कैरानवींच्या बाजूला डॉ. वजीर खान होते. ते इंग्रजी जाणत होते, आणि युरोपातील विद्वानांनीच बायबलच्या हस्तलिखितांतील पाठभेदांविषयी जे लिहिले होते ते त्यांनी मिळवून वाचले होते. फांडर पंचवीस वर्षांपूर्वीच्या आपल्या ग्रंथावर विसंबून बसला होता. पाठभेद आहेत हे त्याला मान्य करावे लागले. मूळ शिकवणीला त्यामुळे बाध येत नाही, हे त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, परंतु भरसभेत ते कोण ऐकून घेणार?

आता माझा मामेभाऊ. तो सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारक आहे, आवाज खणखणीत आहे आणि मराठी, कन्नड दोन्ही भाषांत तो न अडखळता बोलतो. आमच्या गावच्या आठवडी बाजारात पत्रके वाटता वाटता त्याने एकदा उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एका मास्तरांना वादाचे आव्हान दिले. हे मास्तर माझ्या जुन्या ओळखीचे. आमच्या घरी नाताळचा फराळ आणि त्यांच्या घरचा शिरखुर्मा ही देवाणघेवाण वडिलांच्या काळापासूनची. मास्तरांनी शांतपणे विचारले, “योहानाच्या पहिल्या पत्रातलं पाचव्या अध्यायातलं ते स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचं वचन जुन्या ग्रीक प्रतींत का नाही, पास्टरसाब?” भावाला असा काही प्रश्न असतो हेच ठाऊक नव्हते. तो कुराणाकडे वळला, तेव्हा मास्तर म्हणाले, “अरबी राहू द्या, उर्दूत तरी पूर्ण वाचलंत का?” त्याने वाचली होती ती दुसऱ्या कोणीतरी वेचे काढून छापलेली पुस्तिका. भोवती भाजीवाले, गिऱ्हाईक आणि चार टवाळ पोरे जमली होती. हसण्याचा आवाज थेट बसस्टँडपर्यंत गेला असावा. घरी आल्यावर त्याने मलाच सुनावले, की तू तिथे उभा होतास, तरी माझ्या बाजूने एक शब्द काढला नाहीस. माझे म्हणणे तेव्हाही हेच होते आणि आजही हेच आहे, की ज्याने गृहपाठ केला नाही त्याची बाजू घेणे हे भाऊपण असेल, सुवार्ताकार्य नव्हे.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० मध्ये सुरू झाले आणि १९०४ मध्ये ते मेथडिस्टांकडे गेले. आमच्या भागात मिशनचे नाव टिकले ते शाळांमुळे. चौकात कोणी कोणाला निरुत्तर केल्याची आठवण आमच्या घरात तरी कोणी सांगितलेली नाही.

आज वाद घालावेत का, या तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की ज्याला समोरच्याचा धर्मग्रंथ त्याच्या भाषेत वाचता येतो आणि स्वतःच्या ग्रंथाचा इतिहास ठाऊक आहे, त्याने खुशाल घालावेत, पण बंद खोलीत, दोन-चार जाणकारांसमोर. सीमाभागात भाषेवरून आधीच पुरेशी डोकी तापलेली असतात. त्यात धर्माची भर बाजारात घालू नये.

फांडरवर अन्याय नको म्हणून हेही सांगितले पाहिजे, की त्याच्याइतक्या भाषा शिकण्याची तयारी आज कोणाची नाही. आग्र्यानंतर तो पेशावरला आणि तिथून कॉन्स्टँटिनोपलला गेला, आणि १८६५ मध्ये इंग्लंडमध्ये वारला. कैरानवी १८५७ नंतर मक्केला निघून गेले आणि १८६४ मध्ये त्यांचा ‘इजहार-उल-हक’ हा फांडरला उत्तर देणारा ग्रंथ अरबीत प्रसिद्ध झाला. ‘मीजान’ वाचणाऱ्याने तोही वाचावा, नाहीतर दोन्ही ठेवून द्यावेत.

मामेभाऊ यावर नेहमी मौलवी इमादुद्दीन यांचे उदाहरण देतो, की फांडरच्या विरोधात उभे राहिलेले तेच पुढे ख्रिस्ती झाले. खरे आहे. पण आग्र्याचा वाद १८५४ चा आणि त्यांचा बाप्तिस्मा १८६६ चा. मधल्या बारा वर्षांचे श्रेय त्या दोन दिवसांना तो कोणत्या हिशेबाने देतो, हे त्याने मला अजून सांगितलेले नाही.