गोळी पोटात गंजेल का?

"मुलगी लोहाच्या गोळ्या घेत नाही. विचारलं की गप्प बसते, ओरडलं की रडते. काय करायचं हो मॅडम?" शाळेच्या समुपदेशन कक्षात ही तक्रार वरचेवर येते. पालकांना त्यात हट्ट दिसतो. आठवीतल्या एका मुलीच्या बाबतीत मात्र हट्टाच्या आड विज्ञानाचा एक प्रश्न दडलेला निघाला, आणि प्रश्न अगदी रास्त होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलगी दोन मजले चढली की धापा टाकायची, दुपारच्या तासाला पेंगायची आणि येता-जाता बर्फाचे तुकडे चघळायची. बर्फ, खडू, माती असं काही सतत खावंसं वाटणं ही लोहाच्या कमतरतेची ओळखीची खूण आहे. घरी ती वाईट सवय म्हणून गणली गेली होती. तपासणीत हिमोग्लोबिन ९.४ आलं. तिच्या वयाच्या मुलीत ते १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन होतं ६; १५ च्या खाली म्हणजे साठा संपलेला. डॉक्टरांनी फेरस सल्फेटच्या गोळ्या दिल्या, एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह. मुलीनं त्या नऊ दिवस घेतल्या आणि नंतर लपवायला सुरुवात केली.

अशा वेळी "का घेत नाहीस?" असं विचारलं की मूल बचावाचा पवित्रा घेतं. "गोळी घेतल्यावर काय होतं?" असं विचारलं तर ते बोलायला लागतं. मुलीनं दप्तरातून कंपासपेटी काढली. कर्कटकाच्या खाली कागदी रुमालात सात गोळ्या होत्या. जिभेखाली धरून नंतर थुंकलेल्या, त्यामुळे वरचं आवरण विरघळलेलं. त्यातल्या दोन गोळ्यांच्या कडेला तांबूस डाग पडले होते.

"हा गंज आहे ना? सरांनी शिकवलंय, हवा आणि पाणी मिळालं की लोखंड गंजतं. पोटात पाणी आहे, रक्तात ऑक्सिजन आहे. आणि मला शौचाला काळी होते. म्हणजे आत गंजतंय."

या मुलीला "असं काही नसतं गं, घे मुकाट्यानं" असं सांगणं म्हणजे तिचं निरीक्षणच खोटं ठरवणं. डाग खरा होता. दमट हवेत फेरस सल्फेटमधलं लोह फेरिक रूपात (ऑक्सिजनमुळे आणखी एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या रूपात) जातं आणि तपकिरी दिसतं. गंजाशी त्याचं जवळचं नातं आहे. तिच्या परवानगीनं विज्ञानाच्या सरांना सोबत घेतलं आणि पुढची दोन सत्रं प्रयोगशाळेत झाली.

पहिला गुंता शब्दाचा होता. लोखंड आणि लोह हे शब्द आपण सरमिसळ वापरतो. खिळा म्हणजे लोखंड, धातू: असंख्य अणू एकमेकांना घट्ट बिलगलेले, घनता दर घन सेंटिमीटरला ७.८७ ग्रॅम, वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागणार. गोळीत तो धातू नसतो, लोहाचा क्षार असतो. मिठाचं उदाहरण इथे चटकन पटतं. सोडियम धातू पाण्यात टाकला तर पेट घेतो, आणि तेच सोडियम मिठातून आपण रोज खातो. चुंबकाला रक्त का चिकटत नाही, हा वर्गात हमखास येणारा प्रश्नही इथेच सुटतो: रक्तातले लोहाचे अणू सुटेसुटे, प्रथिनांत बसवलेले असतात. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण लोह जेमतेम ३ ते ४ ग्रॅम, म्हणजे सहा सेंटिमीटर लांब आणि तीन मिलिमीटर जाड खिळ्याइतकं.

मग मुलीचा खरा प्रश्न: रक्तात लोह आहे, पाणी आहे, ऑक्सिजनही आहे, तरी गंज का नाही? हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे ४ अणू असतात आणि प्रत्येक अणू प्रथिनाच्या एका खोबणीत बसलेला असतो. ती खोबण पाण्याला लांब ठेवते. ऑक्सिजन फुफ्फुसात लोहाला धरतो आणि ऊतींपाशी सुटतो. गंजात तो कायमचा अडकतो. तरीही रोज थोडं लोह फेरिक होतंच, आणि ते ऑक्सिजन वाहू शकत नाही. तांबड्या पेशीतली विकरं (एन्झाइम) ते परत फेरस करतात. निरोगी माणसात असं बिघडलेलं हिमोग्लोबिन सुमारे १ टक्का असतं. हे ऐकल्यावर मुलगी म्हणाली, "म्हणजे मी थोडी बरोबर होते." होतीच.

गंजाचा तीन परीक्षानळ्यांचा प्रयोग तिनं वर्गात पाहिला होता: एका नळीत खिळ्याला हवा आणि पाणी दोन्ही, दुसरीत उकळून हवा काढलेलं पाणी, तिसरीत नुसती कोरडी हवा; गंजायला हवा फक्त पहिला खिळा. पण तो नीट जमला नव्हता. तिन्ही खिळे गंजले होते. असं का होतं, हे शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्यावं. पाणी उकळल्यावर ते धारेनं ओतलं की हवा परत मिसळते. नळीच्या कडेनं हळू सोडावं, गरम असतानाच वर सेंटिमीटरभर तेलाचा थर द्यावा. निर्जल कॅल्शियम क्लोराइडच्या नळीचं बूच सैल असलं तर तो हवेतली वाफ ओढून घेऊन पाणावतो. आणि जस्ताचा मुलामा असलेले खिळे घेतले तर एकही गंजत नाही. साधे खिळे घ्यावेत, पॉलिश कागदानं घासावेत, आठवडाभर ठेवावेत.

सगळ्यात उपयोगी ठरला तो चहाचा प्रयोग. १०० मिलिलिटर पाण्यात चिमूटभर फेरस सल्फेट विरघळवायचं. चंचुपात्रात बिनदुधाचा, गार केलेला कडक चहा २० मिलिलिटर घ्यायचा आणि त्यात ते द्रावण ५ मिलिलिटर ओतायचं. चहा शाईसारखा काळा होतो. ताजं, हिरवट द्रावण असेल तर हळूहळू काळवंडतो. जुनं, पिवळट झालेलं असेल तर तत्काळ. आता चमचाभर लिंबाचा रस घातला की काळेपणा विरतो. (यातलं काही प्यायचं नाही, हे आधीच बजावावं.) चहातल्या टॅनिन या तुरट द्रव्यानं लोह अडवलं, लिंबातल्या आम्लानं सोडवलं. मुलगी चंचुपात्र उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली. मग तिनंच सांगितलं की घरी गोळी सकाळच्या चहासोबत मिळते, आणि पाठोपाठ कॅल्शियमची.

म्हणजे पहिले नऊ दिवसही बरंचसं लोह वायाच गेलं होतं.

आईला बोलावून बदल ठरवले. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यात आणि लोहाच्या गोळीत दोन तासांचं अंतर. सोबत लिंबू किंवा संत्र्याचा रस. क जीवनसत्त्व लोहाला फेरस रूपात ठेवतं आणि ते रूप आतड्यात सहज शोषलं जातं. मळमळ झाली तर थोडं खाऊन. डॉक्टरांना विचारून गोळी एक दिवसाआड केली. एका मात्रेनंतर हेप्सिडिन हे संप्रेरक वाढतं आणि साधारण दिवसभर पुढचं शोषण रोखून धरतं. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दोन गोळ्या घ्यायच्या नाहीत. घरात धाकटा भाऊ होता, म्हणून पाकीट कुलपात. लहान मुलानं या गोळ्या मूठभर गिळल्या तर जिवावर बेततं.

काळ्या शौचाचं कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. न शोषलेलं लोह आतड्यातल्या गंधकाच्या संयुगांशी मिळून काळं होतं, त्यानं अपाय नाही. डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं असेल, रक्त दिसत असेल किंवा पोटात जोरात दुखत असेल तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जावं. आणि थकवा दिसला म्हणून तपासणी न करता लोह सुरू करू नये. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकातही हिमोग्लोबिन कमी असू शकतं, पण लोह पुरेसं असू शकतं.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.७ झालं. बर्फ खाणं त्याआधीच सुटलं होतं. आईनं विचारलं, "बारावर गेलं की बंद करायच्या ना?" नाही. बारा हा आकडा रक्ताचा. फेरिटिनचा रिकामा साठा भरायला त्यानंतर साधारण तीन महिने लागतात, आणि बंद कधी करायचं ते डॉक्टर पुन्हा फेरिटिन तपासून ठरवतील. मुलीनं पुढचे महिने वहीच्या शेवटच्या पानावर एक दिवसाआडचे चौकोन आखून मांडले, आणि पहिल्या चौकोनावर खूण केली.