आईच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू करायची आहे, ट्रस्ट काढावा का?

तुम्ही लिहिलंय की आई परभणीजवळच्या गावात बायकांचं भजनी मंडळ चालवायच्या, कुणाच्याही अडीनडीला धावायच्या, आणि हाताशी २ लाख आहेत. वाचून फार बरं वाटलं.

ट्रस्ट आत्ता नको. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी, दरवर्षी हिशेब, विश्वस्त बदलला की पुन्हा अर्ज. एवढ्या रकमेला हा पसारा झेपत नाही. त्यापेक्षा ओळखीच्या शाळेत किंवा महाविद्यालयात ठेव ठेवा. साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला १३ हजार. मुद्दल मोडायचं नाही, हे लेखी घ्याच. माझ्या आत्याच्या नावाने आम्ही असंच बक्षीस ठेवलं होतं. मुख्याध्यापक बदलले आणि दोन वर्षं ते कुणाला मिळालंच नाही. कागद नव्हता, म्हणून भांडताही आलं नाही.

पैसे एकाच मुलीला द्या, पण गाण्यासाठी. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांना बसणाऱ्या खेड्यातल्या मुली प्रवेशिकेनंतर, म्हणजे सुरुवातीच्याच पायऱ्यांवर, गळतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. परीक्षेची फी त्या मानाने थोडी असते. शिकवणी, तालुक्याला जायचं एसटी भाडं आणि घरी पेटी नसणं, हे खरं अडतं. १३ हजारांत यातलं बरंच भागतं.

निवड नुसत्या गुणांवर नको. मुलीला एक अभंग म्हणायला सांगा, आणि गल्लीतल्या लहान पोरींना ती काही शिकवते का ते विचारा. निवड समितीत आईच्या मंडळातल्या दोघी असाव्यातच. त्यांना आवाजही कळतो आणि माणूसही.