जलसमाधी देण्याआधी

निवृत्त युद्धनौका बुडवून कृत्रिम रीफ, म्हणजे सागरी जीवांना समुद्रतळावर आसरा, करण्याबद्दल मागे लिहिले, तेव्हापासून तेच ते प्रश्न येत आहेत. बहुतेकांचा समज असा की बुडवणे हेच मोठे काम. अमेरिकेत २००९ मध्ये ‘व्हँडेनबर्ग’ हे जहाज दोन मिनिटांच्या आत तळाशी गेले. वेळ आणि पैसा खाते ते त्याआधीचे काम.

प्रश्न : बुडवलेल्या जहाजावर वर्षभरात प्रवाळ उगवते, असे ऐकले. खरे का?

ऐकीव गोष्ट आहे. आधी शेवाळाचा थर चढतो, मग बार्नेकल (पृष्ठभागाला घट्ट चिकटणारे कवचधारी जीव), शिंपले, स्पंज येतात. घट्ट दगडासारखे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते, तेही उबदार आणि उजेडाच्या पाण्यात. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यालगत २००४ मध्ये ‘सिला’ ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, बुडवली. तिथल्या गार पाण्यात प्रवाळभिंत व्हायची नाही, पण जीवसृष्टी भरपूर आहे.

प्रश्न : नौदल सरावात जुन्या नौकांवर मारा करून त्या बुडवतेच की. मग आम्हालाच एवढे नियम का?

दोन्हींची गल्लत करू नका. अमेरिकेत त्या सरावासाठी निदान १००० वाव, म्हणजे १८०० मीटरांहून अधिक खोली आणि किनाऱ्यापासून ५० सागरी मैल अंतर लागते. तुमची नौका माणसे पोहतात आणि मासे धरतात तिथे जाणार आहे.

प्रश्न : आमच्या संस्थेला नौका ‘पूर्ण साफ’ करून मिळाली. टाक्या धुतल्याचे प्रमाणपत्र आहे. आणखी काय पाहायचे?

हा प्रश्न नौका घेण्याआधी विचारायला हवा होता. टाक्या धुणे हा सगळ्यात सोपा भाग. तेलाला वास असतो, तवंग दिसतो, म्हणून ते सगळ्यांना कळते. मला घोर आहे तो केबलींचा. जुन्या युद्धनौकेतली एखादी केबल आडवी कापून पाहा : बाहेर धातूची जाळी, आत काळपट वेष्टन, मधोमध तांबे. त्या वेष्टनात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल) हे विषारी रसायन असू शकते. पीसीबी सहजी पेटत नाही, म्हणून ते रंगात, रबरी पट्ट्यांत, हवेच्या नळांच्या जोडांतल्या नमद्याच्या गास्केटमध्येही (फट बुजवणाऱ्या पट्टीतही) वापरले जाई. त्याला ना वास, ना तवंग. पाण्यात ते सहजी कुजत नाही, चरबीत साठते, लहान माशातून मोठ्या माशात आणि तिथून तुमच्या ताटात येते.

ठेकेदाराची युक्तीही सांगून ठेवतो. जाड केबली तो आनंदाने उपसतो, कारण तांब्याला भाव आहे. पोलादी भिंतींतून आरपार गेलेल्या बारीक वायरी मात्र दोन्ही बाजूंनी कापून तिथेच सोडतो. वर ‘साफसफाई झाली’ असा कागद देतो. मी तपासणीला जातो तेव्हा आधी त्या भोकांत विजेरी मारतो.

‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू नौका २००६ मध्ये फ्लोरिडाजवळ बुडवली, तेव्हा बरीच सफाई होऊनही अंदाजे ३०० किलोंहून अधिक पीसीबी आतच राहिले, बहुतांश केबलींत. पर्यावरण खात्याने धोक्याचा अभ्यास करून परवानगी दिली होती. तरी पुढे तिथले मासे तपासत राहावे लागले आणि काहींत पीसीबी सापडलेच. ऑस्ट्रेलियात ‘ॲडलेड’ मार्च २०१० ऐवजी एप्रिल २०११ मध्ये बुडाली, कारण रहिवासी न्यायाधिकरणात गेले आणि उरलेल्या वायरी व सुटलेला शिशाचा रंग काढण्याचा आदेश झाला. त्या विलंबाबद्दल मला जराही दुःख नाही. तुम्ही ठेकेदाराशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेकडून नमुने तपासून घ्या आणि अहवाल सागरी प्रदूषणाच्या तज्ज्ञाला दाखवा. तोवर तारीख जाहीर करू नका.

प्रश्न : उथळ पाण्यात बुडवली तर नवख्या डायव्हरांची सोय होईल ना?

लाटांचीही होईल. न्यूझीलंडची ‘वेलिंग्टन’ फ्रिगेट नोव्हेंबर २००५ मध्ये वीस-बावीस मीटरांवर बसवली आणि काही महिन्यांत वादळाने तिचे तुकडे केले. खोली वाढवली म्हणजे भागले, असेही नाही. फ्लोरिडातली ‘स्पीगल ग्रोव्ह’ २००२ मध्ये वेळेआधीच उलटून बुडाली, नाक पाण्याबाहेर. ती ओढून कुशीवर आणली. पुढे २००५ च्या ‘डेनिस’ चक्रीवादळाने १५५ मीटर लांबीचे ते धूड चाळीसेक मीटर खोलीत उचलून सरळ केले! वादळाला जमले, माणसांना नाही. पाणी कुठून शिरेल, हवा कुठून निघेल, आत हिंदकळणारे पाणी नौकेला कुठे कलवेल, याचे गणित नौका-अभियंत्याकडूनच करून घ्या. केवळ स्फोटके लावणाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका.

प्रश्न : आम्ही मच्छीमार. मासे वाढतील, असे आम्हाला सांगितले आहे.

मासे जमतील, हे नक्की. वाढतील का, यावर शास्त्रज्ञांतच वाद आहे. आजूबाजूचे मासे एका जागी गोळा झाले आणि तिथेच सगळ्यांनी गळ टाकले, तर उलट घटतील. जाळी सांगाड्यात अडकून फाटतील ती वेगळीच. जागा ठरण्याआधी मत्स्य विभागाकडे लेखी हरकत किंवा सूचना द्या. ठरल्यावर कोणी ऐकत नाही.

प्रश्न : भोके पाडलेली असल्याने आत शिरायला धोका नाही, असे गाईड म्हणतो.

गाईड बदला. गाळ उसळला की स्वतःचा हात दिसत नाही. सांगाड्यात शिरण्याचे वेगळे प्रशिक्षण असते. ते घेतल्याशिवाय बाहेरूनच पाहा.

प्रश्न : परवानगी येईपर्यंत नौका धक्क्याला बांधून ठेवली तर?

महिनाभर ठीक. दोन वर्षे बांधलेल्या एका नौकेवर मी तळहाताएवढ्या रंगाच्या खपल्या सोलून पाण्यात पडताना पाहिल्या. तिचा मालक मात्र ‘पर्यावरणपूरक प्रकल्प’ असा फलक रंगवून घेण्यात दंग होता. अर्ज आधी करा, नौका नंतर आणा.

प्रश्न : एवढा खटाटोप करण्यापेक्षा जुने टायर टाकले तर?

नाही. फ्लोरिडाजवळ १९७० च्या दशकात वीसेक लाख टायर टाकले. बांधलेले पट्टे तुटले, टायर खऱ्या प्रवाळावर जाऊन आदळले. ते अजून काढणे चालू आहे.