ओव्हनशिवाय चॉकलेट आणि पीनट बटरचे थरांचे गोड झटपट कसे करावे?

प्रत्यक्ष काम वीस मिनिटांचे आहे. उरलेले दोन-तीन तास फ्रिजचे. आठ इंची चौकोनी डब्यात बटर पेपर अंथरून, 200 ग्रॅम मारी बिस्किटांचा बारीक चुरा 100 ग्रॅम वितळलेल्या बटरमध्ये कालवून वाटीच्या बुडाने घट्ट दाबून बसवावा. त्यावर 250 ग्रॅम पीनट बटर, 100 ग्रॅम पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ एकजीव करून पसरावे व डबा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा. घरच्या शेंगदाण्याच्या कुटाने ही मऊ चव येत नाही.

खरी काळजी वरच्या थराची घ्यावी लागते. नुसते चॉकलेट वितळवून ओतले, तर ते इतके कडक होते की सुरी दाबताच तडकते आणि मधला मऊ थर बाजूंनी बाहेर येतो. म्हणून 100 मिलिलिटर क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून 150 ग्रॅम चिरलेल्या डार्क चॉकलेटवर ओतावे, दोन मिनिटांनी हलक्या हाताने ढवळावे आणि कोमट झाल्यावरच पसरावे. गरम ओतल्यास दोन्ही थर एकमेकांत मिसळतात. मग उरलेला वेळ डबा पुन्हा फ्रिजमध्ये ठेवावा. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून घ्यावी.