मुंबईचं घड्याळ कधीकाळी देशाच्या ३९ मिनिटं मागे चालायचं, हे खरं की व्हॉट्सॲप ज्ञान? आज त्याचा काही मागमूस दिसतो का?

खरं आहे. मागमूसही दिसतो, आणि त्यासाठी संग्रहालयात जायची गरज नाही. मुंबईत सूर्य बाराला माथ्यावर येतच नाही. तो येतो पाऊण वाजायच्या आसपास.

आधी ३९ हा आकडा कुठून आला ते बघू. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. आपली प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला (एका अंशाच्या ६० कला) या रेखांशावर बेतलेली आहे. ही रेषा मिर्झापूरजवळून जाते. मुंबई आहे ७२ अंश ४९ कलांवर. फरक ९ अंश ४१ कला, त्याला चाराने गुणलं की ३८ मिनिटं ४४ सेकंद. व्यवहारात ३९. म्हणजे मुंबई वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, तर प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे. काटेकोरपणे बोलायचं तर कुलाबा आणि मुलुंड यांच्यातही अर्ध्या मिनिटाचा फरक पडतो, पण तेवढ्यासाठी कुणी भांडलं नाही.

भांडण झालं ते वेगळ्या कारणाने. रेल्वेने १८७० च्या सुमारास मद्रास वेळ धरली, कारण ती मुंबई आणि कलकत्ता यांच्या साधारण मध्ये पडते. मद्रास वेळ मुंबईच्या अर्धा तास पुढे. त्यामुळे गावात एक वेळ आणि स्टेशनात दुसरी. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन (पुण्याचं कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे तेच) यांनी सरकारी कचेऱ्यांनाही मद्रास वेळ लावली आणि शहर खवळलं. विद्यापीठाने राजाबाई टॉवरचं घड्याळ मुंबई वेळेवर ठेवायचं ठरवलं, तर सरकारने त्या घड्याळाच्या दिवाबत्तीचा खर्च नाकारला. सरकारी सूड किती बारीकसारीक असू शकतो याचं हे माझ्या मते उत्तम उदाहरण.

१ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी काम थांबवलं, गिरणीच्या घड्याळावर दगडही पडले. यात अडाणीपणा काही नव्हता. भोंगा घड्याळावर वाजतो. घड्याळ ३९ मिनिटं पुढे सरकवलं की कामगाराला तेवढंच आधी, अंधारात उठावं लागणार आणि पगार तोच. महापालिकेनेही त्याच वर्षी आपली घड्याळं पुन्हा मुंबई वेळेवर आणली. ही दुहेरी वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकली. १९४२ ते १९४५ या युद्धकाळात प्रमाणवेळ आणखी एक तास पुढे ढकललेली होती, तेव्हा तर मुंबई वेळ १ तास ३९ मिनिटं मागे पडली. लग्नपत्रिकेत मुहूर्ताच्या वेळेपुढे कुठली वेळ ते लिहिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

जरा विषयांतर. शहराला बिनचूक वेळ पुरवायचं काम कुलाब्याच्या वेधशाळेकडे होतं. तिची स्थापना १८२६ ची. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही मोजणी चाले. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. रुळांतल्या विजेने चुंबकसूची हलणार, म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला नेली. तिथली इमारत लोखंड टाळून बांधलेली आहे. विजेची ट्राम मुंबईत धावली १९०७ मध्ये. म्हणजे ट्राम यायच्या आधीच वेधशाळेने बाडबिस्तरा हलवला होता.

आता आजच्या खुणा. मुंबईत छापली जाणारी पारशी दिनदर्शिका कुणाकडे असेल तर उघडून बघा. दिवसाचे पाच गेह, म्हणजे प्रार्थनेचे प्रहर, असतात. दुपारचा रपिथविन १२:४० ला सुरू होतो आणि उझिरन ३:४० ला. हे विचित्र चाळीस म्हणजे मुंबई वेळेचे बारा आणि तीन. घड्याळ बदललं, प्रार्थनेची वेळ सूर्याला धरून राहिली. आपल्या पंचांगातही तेच. अभिजित मुहूर्त मध्यान्हाच्या अलीकडे-पलीकडे मिळून साधारण ४८ मिनिटांचा, म्हणून मुंबईच्या पंचांगात तो सव्वाबारा ते एकच्या आसपास दिसतो. रामजन्माचा पाळणा अनेक देवळांत बाराच्या ठोक्याला हलतो. पंचांग बघणारे १२:४० पर्यंत थांबतात. सूर्याच्या हिशेबाने दुसरे बरोबर.

पडताळा घ्यायचा असेल तर गच्चीवर डिसेंबरातला एक मोकळा दिवस पुरतो. तीन बाय दोन फुटांचा प्लायवूड घ्या. तो गच्चीच्या फरशीवर नुसता टेकवू नका. गच्चीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, आणि त्या उतारानेच बहुतेकांचं उत्तर चुकतं. खाली पत्र्याच्या चकत्या सरकवून पाणसळीने दोन्ही दिशांना सपाट करा. लांब कडेच्या मधोमध, कडेला लागून, ३० सेंमीची सरळ सळई उभी करा आणि ओळंब्याने तपासा. सळईची बाजू दक्षिणेला आली पाहिजे, कारण हिवाळ्यात सावली उत्तरेकडे पडते. दिशेसाठी मोबाइलच्या होकायंत्रावर फार विसंबू नका, स्लॅबमधल्या सळ्या त्याला भरकटवतात. इथे अंदाजे दिशाही चालते.

सळईच्या बुडाशी केंद्र धरून ४५ सेंमी त्रिज्येचा कंस काढा. सकाळी सावली लांब असते, हळूहळू आखडते. तिचं टोक कंसाला टेकलं की ठिपका मारा आणि वेळ लिहा. दुपारनंतर सावली पुन्हा लांबते. टोक दुसऱ्या बाजूने कंसाला टेकलं की पुन्हा वेळ लिहा. दोन वेळांचा मध्य म्हणजे तुमच्या गच्चीवरचं खरं मध्यान्ह. २० डिसेंबरच्या सुमारास पहिली वेळ १०:०५ आणि दुसरी ३:०९ च्या जवळपास येते, मध्य १२:३७. दोन ठिपके जोडणाऱ्या रेषेचा मध्यबिंदू आणि सळईचं बूड यांतून रेषा ओढली की खरी उत्तर-दक्षिण मिळते. ही शंकूची, म्हणजे उभ्या सळईच्या सावलीची, जुनीच रीत आहे.

सावली सगळ्यात आखूड कधी होते ते बघत बसायचा मोह होतो. ते करू नका. मध्यान्हाजवळ सावलीची लांबी दहा-पंधरा मिनिटं जवळजवळ बदलतच नाही, क्षण पकडता येत नाही. सळई एक मीटरची घेऊनही फायदा होत नाही. सूर्याची तबकडी अर्धा अंश रुंद असल्याने सावलीचं टोक पुसट होतं. ३० सेंमीला हा पुसटपणा काही मिलिमीटर, एक मीटरला सेंटिमीटरच्या पुढे. आणि ढग आले म्हणून एकच बाजू मोजून अंदाज बांधू नका. दोन्ही वेळा मिळाल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी करा.

उत्तर दरवेळी १२:३९ येणार नाही, आणि त्यात तुमची चूक नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, म्हणून सूर्य वर्षभर घड्याळाच्या मागेपुढे होत राहतो. मुंबईत ११ फेब्रुवारीच्या सुमारास मध्यान्ह १२:५३ ला होतं, ३ नोव्हेंबरच्या सुमारास १२:२२ ला. १२:३९ ही वर्षभराची सरासरी. मुंबईत सगळ्यात उशिराचा सूर्योदय २१ डिसेंबरला नसून जानेवारीच्या मध्यानंतर, सव्वासातच्या आसपास होतो, त्याचंही कारण हेच.

मे महिन्याच्या मध्यात, १५-१६ तारखेला, सूर्य मुंबईच्या बरोब्बर माथ्यावर येतो आणि १२:३५ ला सळईची सावली नाहीशी होते. त्यानंतर २७-२८ जुलैपर्यंत दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. २१ जूनला ३० सेंमीच्या सळईची सावली अवघी २ सेंमीच्या थोडी वर, दक्षिणेकडे. पण तेव्हा पाऊस असतो, म्हणून प्रयोगासाठी डिसेंबरच बरा. नागपूरकरांनी हाच प्रयोग केला तर मध्यान्ह २५ मिनिटं आधी मिळेल.