‘वादळाचा वेग’ : नेमका कुणाचा?

प्रश्न असा आहे : एका बातमीत ‘वादळाचा वेग ताशी १२० किमी’, दुसरीत ‘वादळ ताशी २० किमी वेगाने कोकण किनाऱ्याकडे’. बरोबर कोणते?

दोन्ही बरोबर असू शकतात. घोळ ‘वादळाचा’ या षष्ठीत आहे. पहिला आकडा वाऱ्याचा, दुसरा वादळाच्या सरकण्याचा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकले, तेव्हाचे ताशी ११०–१२० किमी वाऱ्याचे होते. अख्खे वादळ त्या वेगाने धावले असते तर दीड तासात नाशिकला पोचले असते.

रडारच्या सॉफ्टवेअरमध्येही हे दोन आकडे दोन निराळ्या चित्रांतून निघतात. सरकणे मोजायचे तर पावसाच्या चित्रात दहा मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या दोन फ्रेमवर एकाच गाभ्यावर (सर्वांत जोरदार पावसाच्या ठिपक्यावर) खूण करून मोजपट्टी ओढायची. अंतर ६ किमी भरले तर ताशी ३६. दोन फ्रेमवर भागवू नये, अर्ध्या तासाच्या घ्याव्यात. ढगाची कड धरू नये; पुढे नवा ढग उगवला की कड उडी मारते आणि वेग फुगतो. जुलैत सह्याद्रीच्या माथ्यावर उलटे घडते : वारा सोसाट्याचा, पण ढग तिथेच पुन्हापुन्हा तयार होत असल्याने सरकणे जवळजवळ शून्य.

वाऱ्यासाठी डॉप्लर चित्र. त्यात रडारकडे येणारा किंवा रडारपासून दूर जाणारा भागच दिसतो. रत्नागिरी मुंबईतल्या कुलाब्याच्या जवळपास दक्षिणेला असल्याने तिथला पश्चिमेचा वारा कुलाब्याच्या रडारला शून्याच्या आसपास दिसतो. शिवाय क्षितिजापासून अर्धा अंश वर रोखलेला रडारचा किरण तिथवर चार किलोमीटरपेक्षा वर गेलेला असतो, म्हणजे तो जमिनीवरचा वारा नव्हेच. रडारला नीट मोजता येणाऱ्या वेगाच्या मर्यादेपलीकडचा वारा उलट्या दिशेच्या रंगात उमटतो, हा आणखी एक फास : मर्यादा ताशी ९० किमी असेल तर दूर जाणारा १२० चा वारा ६० ने जवळ येताना दिसतो.

सरकण्याला ‘चाल’ म्हणावे, असे काहीजण सुचवतात. कानाला छान, पण शालेय विज्ञानात चालीला दिशा नसते आणि इथे तर दिशाच हवी. ‘सरकण्याचा वेग’ लांबट आहे, तरी मी तोच लिहीन.

दिशेचे काम मराठीत प्रत्यय चोख करतात : ‘नैर्ऋत्येचा वारा’ म्हणजे तिकडून येणारा, ‘ईशान्येकडे सरकते’ म्हणजे तिकडे जाणारे. मात्र काही सॉफ्टवेअर वादळाची दिशाही वाऱ्यासारखी ‘कुठून’ या हिशेबाने देतात. तिथे २२५ अंश दिसले तर ‘ईशान्येकडे’ लिहायचे; ‘नैर्ऋत्येकडे’ लिहिले की बातमी बरोबर १८० अंशांनी चुकते.